प्रोफेसर आल्बर्ट मायकेल्सन

ज्यांनीं आपलें सारें आयुष्य सूक्ष्म मोजमापाच्या एकाच व्यवसायांत घालविलें अशा शास्त्रज्ञांमध्यें प्रोफेसर आल्बर्ट एब्रहॅम मायकेल्सन यांचें नांव अग्रभागीं येतें. न्यूटन अथवा फॅरडे यांच्याप्रमाणें तें शाळेंतील मुलांच्या तोंडीं नसतें. आणि जेथें असतें तेथें बहुधा एका फसलेल्या प्रयोगाच्या संबंधानें असतें. तो प्रयोग खरोखर फसला कीं काय, व फसला असल्यास कोणत्या अर्थानें, हें समजण्यास त्यांचें यंत्र कसें होतें आणि तें आपल्या मालकाशीं कसकशी लबाडी करूं पाही, हें आधीं समजलें पाहिजे. म्हणून या चरित्रांत माणसाइतकेंच यंत्राविषयींही लिहिणें प्राप्त आहे.

मायकेल्सन यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजीं त्या वेळच्या प्रशियाच्या राज्यांतील स्ट्रेल्नो या लहानशा गांवीं एका यहूदी कुटुंबांत झाला. तें गांव आज पोलंड देशांत आहे. आल्बर्ट अगदीं लहान असतांनाच आईबापांनीं देश सोडला व अमेरिका गांठली. कॅलिफोर्नियांत सोन्याच्या खाणींची धामधूम चालली होती. मर्फीज नांवाच्या खाणवाल्यांच्या वस्तींत वडिलांनीं दुकान मांडलें, व पुढें नेव्हाडा प्रांतांत व्हर्जिनिया सिटी येथें रुप्याच्या खाणी निघाल्यावर कुटुंब तिकडे गेलें. अशा ठिकाणीं शिक्षणाची सोय कोठून असणार? मुलास सॅन फ्रान्सिस्को येथें शिकावयास ठेविलें. तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक ब्रॅडली यांनीं या मुलाचा हात यंत्रांवर चांगला बसतो हें ओळखलें, आणि शाळेंतील शास्त्रीय उपकरणांची निगा त्याच्याकडे सोंपविली. शिक्षकांनीं विद्यार्थ्यावर असा विश्वास टाकला म्हणजे त्याचें फळ कधीं कधीं फार दूरवर जाऊन मिळतें.

१८६९ सालीं ॲनापोलिस येथील आरमारी विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांनीं परीक्षा दिली. नेव्हाडाची एकच जागा होती व ती दुसऱ्या मुलास मिळाली. मुलगा सतरा वर्षांचाही झाला नव्हता. तरी तो एकटा खंड ओलांडून राजधानीस गेला आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांस भेटला. अध्यक्षांच्या हातीं दहा जागा असत व त्या दहाही भरून गेल्या होत्या. शेवटीं नियमास मुरड घालून अकरावी जागा काढण्यांत आली, आणि ती मायकेल्सन यांस मिळाली. १८७३ सालीं ते पदवीधर झाले. एकोणतीस विद्यार्थ्यांच्या वर्गांत ते प्रकाशशास्त्रांत पहिले आले व नौकानयनांत पंचविसावे! आरमाराच्या अधिकाऱ्यांस हें फारसें आवडलें नसावें.

दोन वर्षें समुद्रावर काढल्यावर त्याच विद्यालयांत त्यांची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. विद्यार्थ्यांस प्रकाशाचा वेग मोजण्याचा फूको यांचा प्रयोग दाखवावयाचा होता. तो दाखवितां दाखवितां त्यांत सुधारणा कशी करतां येईल हें मायकेल्सन यांच्या ध्यानांत आलें. पहिल्या प्रयत्नास लागलेला फिरता आरसा त्यांनीं सुमारें दहा डॉलरांत उभा केला. पुढें सासऱ्यांनीं दोन हजार डॉलर दिले, व १८७९ सालीं सुमारें दोन हजार फुटांच्या अंतरावर प्रकाश पाठवून व परत घेऊन त्यांनीं त्याचा वेग सेकंदास २,९९,९१० किलोमीटर असा काढला. आज हा वेग २,९९,७९२.४५८ किलोमीटर धरला जातो. म्हणजे सव्वीस वर्षांच्या त्या तरुणाची चूक अडीच हजारांत एका भागाइतकीच होती.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. त्या काळीं सर्व विद्वानांची अशी समजूत होती कीं, पाण्यावांचून जशा लाटा नाहींत तशा ईथर नांवाच्या सर्वव्यापी द्रव्यावांचून प्रकाशलहरी नाहींत. असें असेल तर पृथ्वी सूर्याभोंवतीं सेकंदास सुमारें तीस किलोमीटर वेगानें धांवत असतां तिला ईथरचा वारा लागलाच पाहिजे. वाहत्या नदींत प्रवाहाच्या दिशेनें जाऊन येणारा पोहणारा आणि तितकेंच अंतर आडवें जाऊन येणारा पोहणारा यांस सारखा वेळ लागत नाहीं. तसेंच त्या वाऱ्यांत दोन काटकोनी दिशांनीं गेलेल्या प्रकाशकिरणांसही सारखा वेळ लागूं नये. परंतु हा फरक दहा कोटींत एका भागाएवढा येतो. क्लार्क मॅक्सवेल यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेंही तो पृथ्वीवर मोजतां येण्याजोगा नाहीं असें मानिलें होतें. मॅक्सवेल यांचें तद्विषयक पत्र मायकेल्सन यांच्या वाचनांत आलें, व जें अशक्य ठरलें होतें तेंच करावयाचें त्यांनीं मनांत घेतलें.

१८८० सालीं ते युरोपांत गेले व बर्लिन येथें हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. तेथें त्यांनीं जें यंत्र योजिलें त्यास व्यतिकरणमापक म्हणतात. त्याची युक्ति ऐकावयास सोपी आहे. एक किरण अर्धवट चांदी दिलेल्या कांचेवर पाडावा. अर्धा प्रकाश सरळ जातो, अर्धा काटकोनांत वळतो. दोन्ही किरण आपापल्या हाताच्या टोंकास असलेल्या आरशांवरून परत फिरतात व पुन्हां एकत्र होतात. एका लहरीच्या उंचवट्यावर दुसरीचा उंचवटा आला तर तेथें प्रकाश होतो. उंचवट्यावर खळगा आला तर अंधार होतो. त्यामुळें दुर्बिणींत आळीपाळीनें उजळ व काळे पट्टे दिसतात. लहर उंचवट्याशीं आहे, खळग्याशीं आहे कीं मध्यें कोठें आहे, या तिच्या स्थितीस शास्त्रांत कला म्हणतात. दोन लहरींच्या कलांत थोडें अंतर पडलें कीं सारे पट्टे बाजूस सरकतात. प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी सूक्ष्म. त्यामुळें एका हाताची लांबी त्या लहरीच्या पावपट वाढली तरी, किरण जाऊन येत असल्यामुळें, जेथें उजेड होता तेथें काळोख होतो.

युक्तीचें मर्म यांत आहे, आणि संकटही यांतच आहे. ईथरच्या वाऱ्यानें पट्टे सरकावेत हें ठीक; पण ते हाताच्या उबेनेंही सरकतात, रस्त्यावरून गाडी गेली तरी थरथरतात, धातूचा हात वळवितांना किंचित् वांकला तरी हलतात. पट्टा सरकला कीं नाहीं हें डोळ्यांस दिसतें. तो कां सरकला हें यंत्र आपण होऊन सांगत नाहीं.

बर्लिनमध्यें दिवसा काम करणें अशक्यच झालें. रात्रीं बारा वाजेपर्यंत पट्टे स्थिर राहत ना. म्हणून यंत्र पॉट्सडॅम येथील वेधशाळेच्या तळघरांत नेलें. तेथें शांतता होती, तरी शंभर मीटरांवर फरसबंदीवर कोणी पाय आपटला कीं पट्टे नाहींसे होत. उष्णतेचा उपद्रव टाळावा म्हणून पितळी हातांवर कागदाच्या लांब पेट्या बसविल्या. यंत्र फिरतांना हात वांकत असे, तेव्हां तें कारागिराकडे परत पाठवून फिरण्याचा खुंटा सैल करून घ्यावा लागला. या यंत्राचा खर्च दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या साहाय्यानें भागला होता. १८८१ सालीं निष्पन्न काय झालें? ईथरच्या वाऱ्याचा मागमूस लागला नाहीं. परंतु १८८६ सालीं हॉलंडचे प्रोफेसर लॉरेन्ट्झ यांनीं दाखवून दिलें कीं मायकेल्सन यांच्या गणितांत एक चूक राहिली होती, व अपेक्षित सरकणें त्यांनीं धरल्याच्या निम्मेंच असावयास पाहिजे. निम्मे झाल्यावर तें यंत्राच्या स्वतःच्या चुकांतच बुडून जात होतें. म्हणजे प्रयोगानें होय म्हटलें नाहीं आणि नाहींही म्हटलें नाहीं.

मध्यंतरीं आरमाराची नोकरी सोडून मायकेल्सन क्लीव्हलंड शहरीं केस विद्यालयांत प्राध्यापक झाले होते. जवळच असलेल्या दुसऱ्या कॉलेजांत एडवर्ड मोर्ले नांवाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हे गृहस्थ धर्मोपदेशकाचे पुत्र. स्वतःही धर्मशास्त्राचें शिक्षण पुरें केलेले. वजनें व मापें घेण्यांत त्यांच्याइतका काटेकोर मनुष्य विरळा. या दोघांची जोडी जमली. परंतु १८८५ सालीं अतिश्रमानें मायकेल्सन यांचें मन थकून गेलें, व त्यांस उपचारासाठीं न्यू यॉर्क येथें जाऊन राहावें लागलें. ते कामावर परततील कीं नाहीं याचीही शंका होती. परत आले तों १८८६ च्या शरदांत केस विद्यालयाच्या मुख्य इमारतीस आग लागली आणि प्रयोगशाळा गेली. मोर्ले यांनीं आपल्या कॉलेजांत जागा दिली. पॉट्सडॅमच्या प्रयोगाकडे कोणी फारसें लक्ष न दिल्यामुळें मायकेल्सन यांचा उत्साह खचला होता. पण इंग्लंडच्या लॉर्ड रेले यांनीं पत्र लिहून तो प्रयोग पुन्हां करण्यास उत्तेजन दिलें. चौतीस वर्षांचा हा मनुष्य आजारांतून नुकताच उठलेला; हातीं जुनें यश फारसें उरलें नव्हतें आणि नव्याची खात्री नव्हती.

१८८७ सालीं त्या दोघांनीं जें यंत्र उभें केलें तें पाहण्यासारखें होतें. दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद व सुमारें तीस सेंटिमीटर जाड अशी वालुकाश्माची एक शिळा घेतली. तिच्याखालीं लांकडाचा वाटोळा तराफा, आणि तो तराफा ओतीव लोखंडाच्या वर्तुळाकार कुंडांतील पाऱ्यावर तरंगत ठेविलेला. शिळेच्या चारही कोंपऱ्यांवर चार चार आरसे बसविले, व किरण त्यांवरून पुनःपुन्हां फिरवून त्याची वाट अकरा मीटर लांब केली. वाट लांबविल्यामुळें अपेक्षित सरकणें पट्ट्याच्या चार दशांश भागाएवढें वाढलें. पाऱ्यामुळें हादरे शमले. एकदां हलका धक्का दिला कीं शिळा सहा मिनिटांत एक फेरा या गतीनें बराच वेळ फिरत राही, त्यामुळें हात लावून वळविण्याची व त्यापासून होणाऱ्या वांकण्याची अडचण उरली नाहीं. वारा व उष्णता एकदम लागूं नये म्हणून वरून लांकडी झांकण घातलें.

इतकें करूनही पट्टे स्वस्थ बसत ना. खोलीची उष्णता किंचित् कमीजास्त होई, शिळा व तिच्यावरील सामान हळूहळू आकुंचन वा प्रसरण पावे, आणि पट्टे एका बाजूस संथपणें वाहत जात. हें वाहणें एका फेऱ्यांत कधीं कधीं अपेक्षित सरकण्याहूनही अधिक होई! मग ईथरचा वारा कोणता आणि शिळेचें वाहणें कोणतें, हें निवडावें कसें?

येथें या प्रयोगाचें खरें चातुर्य आहे, आणि तें पाऱ्यांत नसून वाचन घेण्याच्या पद्धतींत आहे असें आम्हांस वाटतें. यंत्र अर्धा फेरा फिरलें म्हणजे प्रत्येक हात पुन्हां त्याच रेषेंत येतो. त्यामुळें ईथरच्या वाऱ्याचा परिणाम दर अर्ध्या फेऱ्यास पहिल्यासारखा झाला पाहिजे. पाव फेऱ्यावर पट्टा इकडे, अर्ध्यावर परत, पाऊण फेऱ्यावर पुन्हां इकडे. उष्णतेचें वाहणें मात्र दिशा ओळखत नाहीं. तें काळाबरोबर एकाच बाजूस जातें. म्हणून निरीक्षक शिळेबरोबर चालत, शिळा न थांबवितां, एका फेऱ्यांत सोळा ठिकाणीं वाचन घेई. एका फेऱ्याचें पहिलें व शेवटचें वाचन एकाच दिशेचें. त्या दोहोंतील जें अंतर तें सारें यंत्राचें. तें सोळा टप्प्यांत समान वांटून वजा केलें म्हणजे जें उरेल त्यांतच ईथर असला तर सांपडेल. शिवाय समोरासमोरच्या वाचनांची सरासरी घेतली म्हणजे अर्ध्या फेऱ्याचा परिणाम टिकतो आणि इतर बरीच गडबड एकमेकींस मारून टाकते. यंत्र वाहूं नये म्हणून शक्य तें सर्व करावें, आणि तरीही तें वाहिलें तर त्या वाहण्याचा हिशेब ठेवावा. असा हा दुहेरी मार्ग होता.

जुलैच्या ८, ९, ११ व १२ या तारखांस दुपारीं व संध्याकाळीं वाचनें घेतलीं. हिशेबाअंतीं पट्ट्यांचें सरकणें अपेक्षेच्या विसाव्या भागाहून निश्चित कमी व बहुधा चाळिसाव्या भागाहूनही कमी भरलें. अर्थात् वारा नव्हता. वर्षाच्या निरनिराळ्या ऋतूंत प्रयोग पुन्हां करण्याचा त्यांचा बेत होता तो मात्र तडीस गेला नाहीं, ही उणीव मान्य केली पाहिजे. मायकेल्सन यांस या फलाचा आनंद झाला नाहीं. ज्या ईथरचा वेग मोजावयास ते निघाले त्याच्या अस्तित्वावरच संशय यावा, हें त्यांस अखेरपर्यंत रुचलें नाहीं. तथापि पट्टे जें दाखवीत होते तेंच त्यांनीं छापलें. आपल्या आवडीच्या मतास अनुकूल असा एकही आंकडा वळविला नाहीं. पुढें १९०५ सालीं आइन्स्टाइन यांनीं सापेक्षतेचा सिद्धान्त मांडला व त्यांत ईथरला जागा उरली नाहीं; तेव्हां या निष्फळ प्रयोगाचें मोल जगास कळलें.

यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतों. पॅरिसजवळ सेव्र येथें ठेविलेला मीटरचा मूळ गज किती लहरींएवढा आहे हें त्यांनीं १८९२-९३ सालीं मोजलें. कॅडमियम धातूच्या तांबड्या प्रकाशाच्या १५,५३,१६३.५ लहरी त्यांत मावतात असें निघालें. शिकागो विद्यापीठ स्थापन झालें तेव्हां पदार्थविज्ञानाचे मुख्य म्हणून त्यांस बोलाविण्यांत आलें. १९०७ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें; विज्ञानासाठीं हा मान मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. युरोपांत महायुद्ध पेटल्यावर पासष्ट वर्षांचे मायकेल्सन पुन्हां आरमाराचा गणवेष घालून कामावर रुजू झाले. करमणूक म्हणून ते व्हायोलिन वाजवीत, जलरंगांत चित्रें काढीत व टेनिस खेळत. ज्या आरमारी विद्यालयानें त्यांस नौकानयनांत पंचविसावें ठरविलें, त्याच विद्यालयांत आज त्यांच्या नांवाची इमारत उभी आहे.

एका गोष्टीसाठीं मात्र थांबलें पाहिजे, कारण आजच्या खगोलशास्त्राचा धागा तिच्यापासूनच निघतो. तारे इतके दूर आहेत कीं मोठ्यांतल्या मोठ्या दुर्बिणींतूनही ते बिंदूच दिसत. मायकेल्सन यांनीं असें दाखविलें कीं एकाच ताऱ्याचा प्रकाश दूर ठेवलेल्या दोन आरशांनीं घेऊन एकत्र आणला तर पट्टे पडतात, आणि आरसे एकमेकांपासून दूर नेत गेल्यास ज्या अंतरावर पट्टे पुसले जातात त्यावरून ताऱ्याचा व्यास काढतां येतो. १९२० सालीं माउंट विल्सन येथील शंभर इंची दुर्बिणीच्या तोंडावर वीस फूट लांबीची पोलादी तुळई बसविली व तिच्यावर आरसे ठेविले. दोन्ही वाटा समान राखण्याकरितां कांचेची पाचर मागेंपुढें सरकवून कलेचें अंतर भरून काढण्यांत येई. १३ डिसेंबर १९२० रोजीं फ्रान्सिस पीज यांनीं बीटलज्यूझ ताऱ्याकडे यंत्र वळविलें. आपल्याकडे आर्द्रेचा तारा म्हणतात तोच हा. आरशांमधील अंतर १२१ इंच झालें आणि पट्टे नाहींसे झाले. ताऱ्यामुळें नाहींसे झाले कीं यंत्र बिघडलें म्हणून? ही शंका तात्काळ आली. म्हणून त्याच स्थितींत यंत्र दुसऱ्या ताऱ्यांकडे वळवून पाहिलें. तेथें पट्टे स्वच्छ दिसले. तेव्हां दोष यंत्राचा नव्हता. आर्द्रेच्या ताऱ्याचा कोनीय व्यास विकलेच्या ०.०४७ भाग भरला. त्या वेळीं मानलेल्या अंतरावरून तो सूर्याच्या सुमारें पावणेतीनशें पट मोठा ठरला. पुढें पन्नास फुटांची तुळई करण्यांत आली, पण तिच्या दोन वाटा लहरीच्या अंशापर्यंत समान राखणें जमेना, व तिच्याकडून फारसें काम झालें नाहीं.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आपल्या पहिल्याच प्रयोगाकडे पुन्हां धांव घेतली. माउंट विल्सन व माउंट सॅन ॲन्टोनियो या दोन शिखरांच्या दरम्यान पस्तीस किलोमीटरांवर प्रकाश पाठवून १९२६ सालीं त्यांनीं त्याचा वेग २,९९,७९६ किलोमीटर असा काढला. तेवढ्यानें समाधान न होऊन कॅलिफोर्नियांतच एक मैल लांबीची निर्वात नळी मांडली. प्रकृति ढांसळली होती, अंथरूण सुटत नव्हतें, तरी नळीचे आंकडे त्यांच्याकडे येत असत. जानेवारी १९३१ मध्यें आइन्स्टाइन पॅसाडेना येथें त्यांस भेटले. ९ मे १९३१ रोजीं मायकेल्सन यांचें देहावसान झालें. नळीचें काम पीज व पिअर्सन यांनीं पुरें केलें व १९३५ सालीं प्रसिद्ध केलें.

त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनीं, १९४६ सालीं, केंब्रिज येथें मार्टिन राइल व व्हॉनबर्ग यांनीं तीच युक्ति प्रकाशाऐवजीं रेडिओ लहरींस लाविली व सूर्याकडून येणाऱ्या लहरी दोन दूरस्थ ग्राहकांनीं टिपून एकत्र केल्या. रेडिओ लहर प्रकाशलहरीच्या लक्षावधि पट लांब. त्यामुळें दोन वाटा समान राखणें पुष्कळ सोपें झालें, आणि पन्नास फुटांच्या तुळईस जें साधलें नाहीं तें मैलोगणती अंतरावर साधूं लागलें. परंतु पट्ट्यांचें वाहणें येथेंही सुटलें नाहीं. एकवीस सेंटिमीटरांच्या लहरीवर काम चाललें असतां उन्हानें तारेची वाट एका सेंटिमीटरानें वाढली तर कलेंत सुमारें सतरा अंशांची चूक पडते, व ताऱ्याचें चित्र विस्कटतें. ग्राहकयंत्रें तापतात, निवतात, त्यांचीही कला बदलते. वरचें वातावरणही आपली भर घालतें. यावर उपाय तेच दोन. एक, तारा जमिनीखालीं पुरून उष्णता टाळावी, आणि तारेंतून एक खुणेचा संदेश पाठवून व परत घेऊन तिची लांबी सतत मोजीत राहावी. दुसरा, ज्याचें स्थान ठाऊक आहे असा बिंदुवत् उगम मधून मधून पाहावा. त्याची कला जेवढी चुकीची दिसेल तेवढी यंत्राची चूक समजून वजा करावी. १९५० नंतरच्या दशकांत जॉड्रेल बँक येथें रॉजर जेनिसन यांनीं याहूनही सुंदर युक्ति काढली. तीन ग्राहक घेऊन पहिल्या-दुसऱ्याची, दुसऱ्या-तिसऱ्याची व तिसऱ्या-पहिल्याची कलांतरें मिळवावीं. प्रत्येक ग्राहकाची स्वतःची चूक या बेरजेंत एकदां अधिक व एकदां उणी येते आणि सर्वस्वीं नाहींशी होते.

पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें प्रोफेसर गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभारण्यांत आली. प्रत्येक तबकडीचा व्यास पंचेचाळीस मीटर. त्या पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरलेल्या असून त्यांचे संदेश कांचेच्या तंतूंतून मध्यवर्ती इमारतींत येतात व तेथें जोडीजोडीनें एकत्र केले जातात. जे पालक त्या बाजूस जातील त्यांनीं मुलांस त्या अवश्य दाखवाव्या. एखाद्या दूरच्या उगमाचें निरीक्षण रात्रभर चाललें असतां ठराविक वेळानें सर्व तबकड्या त्याच्यावरून वळतात, जवळच्या एखाद्या ओळखीच्या उगमाकडे कांहीं मिनिटें पाहतात, व पुन्हां पहिल्या जागीं येतात.